मयतांची जुळणी

बोरतळं हे अमळनेर आणि धुळ्याच्या मधलं गाव. नगरपरिषद आहे म्हणून स्वतःला शहर म्हणवून घेतं, आणि बाहेरचं कोणी गाव म्हणालं की रागावतं. तिथे हारुन पिंजारींना दोन कामं होती. एक पोटाचं, गाद्या-रजया भरण्याचं. दुसरं हौसेचं, मतदार यादीचं. चौथ्या प्रभागातल्या दोन नंबर बूथची यादी तीस वर्षं त्यांच्याकडे होती. उमेदवार बदलले, पक्ष फुटले, झेंड्यांचे रंग इकडचे तिकडे झाले, पण ज्याला त्या बूथवर काही करायचं असेल त्याने आधी हारुनभाईंच्या दुकानात कापसाच्या ढिगाशेजारी बसून चहा प्यायचा, हा रिवाज बदलला नाही.

नऊशे बारा नावं. कोण सकाळी उठल्या उठल्या मत देतो आणि कोणाला दुपारची झोप झाल्याशिवाय लोकशाही सुचत नाही, कोणाला रिक्षा पाठवावी लागते आणि कोणाला रिक्षा पाठवली तर अपमान वाटतो, हे सगळं त्यांना पाठ. नक्की मताला निळी खूण, डळमळीत मताला पेन्सिलीचा ठिपका, सुरत-नाशिकला गेलेल्याला हिरवं वर्तुळ. आणि वारलेल्याच्या नावावरून तांबड्या शाईची रेघ, पट्टी लावून मारलेली. पट्टी कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणत, "जित्या माणसाशी थोडं वाकडं वागलं तर चालतं. गेलेल्याशी नको."

मतदानाच्या आदल्या दिवशी ते रात्री झोपताना एका कागदावर दोन आकडे लिहीत: आपल्याला इतकी, समोरच्याला इतकी. मोजणीनंतर कागद उघडायचा. तीस वर्षांत फरक कधी दोनचा, कधी तीनचा. एकदा सातचा पडला तेव्हा ते आठवडाभर कोणाशी धड बोलले नव्हते.

समोरच्या बाजूची यादी सुपडूभाऊंकडे असे. सुपडूभाऊ मूळचे दोंडाईच्याकडचे, गावातल्या एका जिनिंगवर कापसाचा काटा सांभाळत. काट्यावरचा माणूस म्हणजे हिशोबाला पक्का आणि बोलायला कमी. दोघांचं मत जन्मात एका चिन्हावर पडलं नव्हतं, आणि तरी दोघांमध्ये एक करार होता. तीस वर्षांपूर्वी एका मेलेल्या हमालाच्या नावावर दोन्हीकडून मत टाकायला माणसं पाठवली गेली, ती दारातच समोरासमोर आली आणि डोकी फुटली. त्यानंतर हे दोघं यादीवाले ठरवून बसू लागले. नगरपालिकेची निवडणूक असली की आदल्या संध्याकाळी गिरधरच्या टपरीमागच्या बाकावर दोन्ही याद्या उघडायच्या. एकाने क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने नाव सांगायचं, दोघांनी एकदम रेघ मारायची. ज्याच्यावर दोघांची रेघ पडली त्याच्या नावाला कोणी हात लावायचा नाही. लोकसभा-विधानसभेला फरक हजारांचा असतो, तिथे असली बारीक कामं कोणाला लागत नाहीत. नगरपालिकेला लागतात. गावात याला मयतांची जुळणी म्हणत.

ऐकायला गंमत वाटेल, पण ती एक प्रकारची शोकसभाच असे. प्रत्येक नावाला एक वाक्य मिळायचं. यंदा तर नगरपालिकेची निवडणूक नऊ वर्षांनी लागलेली, त्यामुळे वाक्यं बरीच होती.

"एकशे बारा," हारुनभाई म्हणाले.

"उखर्डू मिस्तरी. गया बिचारा. मत आमलेच देत होता."

"देत नव्हता. तुम्हाला सांगायचा, देतो म्हणून."

सुपडूभाऊंनी मान हलवली आणि दोघांनी रेघ मारली. सुकदेव शिंप्याच्या नावापाशी दोघं थोडे थांबले, कारण त्याने दोघांचे लग्नाचे कोट शिवले होते आणि दोन्ही खांद्यात घट्ट झाले होते. असं करत यादी चारशे सोळापर्यंत आली. पुढचं नाव होतं सितारा हारुन पिंजारी, वय त्रेपन्न. यादीतलं वय. चार वर्षांपूर्वी धुळ्याच्या दवाखान्यात ती गेली आणि तिच्या कबरीवर माती टाकणाऱ्यांत सुपडूभाऊ होते.

हारुनभाईंनी पान सारखं केलं. "चारशे अठरा," म्हणाले.

सुपडूभाऊंचं पेन हवेत राहिलं. काटा सांभाळणाऱ्या माणसाच्या नजरेतून एक आकडा निसटेल हे होणं नाही. त्यांनी यादीकडे पाहिलं, हारुनभाईंकडे पाहिलं नाही. मग शांतपणे सांगितलं की चारशे अठरा दीपक, तो नाशिकला कारखान्यात आहे, हिरवा. दोघांनी हिरवं वर्तुळ केलं. जुळणी संपली तेव्हा अठ्ठावन्न रेघा झाल्या होत्या. एकोणसाठ व्हायला हव्या होत्या, हे दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांनी बेरीज अठ्ठावन्नच सांगितली.

त्या रात्री हारुनभाईंनी कागदावर लिहिलं: आपल्याला तीनशे अठ्ठ्याऐंशी, समोर तीनशे एक्कावन्न.

आपल्याला म्हणजे सुनंदाबाईंना. थेट नगराध्यक्षपदाची निवडणूक, जागा महिलांसाठी राखीव. एका बाजूला सुपडूभाऊंच्या मालकांच्या, जिनिंगवाल्यांच्या सूनबाई ज्योत्स्नाताई, दुसऱ्या बाजूला अपक्ष सुनंदाबाई, पालिकेच्या दवाखान्यातल्या निवृत्त परिचारिका. त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी दवाखान्याला कुलूप लागलं. तेव्हापासून बाळंतपणाला निघालेल्या बाया रिक्षात धुळ्याची किंवा अमळनेरची वाट धरतात, आणि दोन जणी वाटेतच मोकळ्या झाल्या. सुनंदाबाईंनी अर्ज भरला तो त्या कुलपासाठी. प्रचारात त्यांनी दुसरं आश्वासनच दिलं नाही. लोक म्हणाले, गटारींचं काय? त्या म्हणाल्या, "गटारी मला कळत नाहीत. दवाखाना कळतो."

हारुनभाई त्यांच्यासाठी का झटत होते हे कोणी विचारलं नाही. सितारा आजारी असताना सुनंदाबाई नऊ महिने रोज सकाळी त्यांच्या घरी येऊन तिच्या पायाची मलमपट्टी करून जात. एक दिवस चुकला नाही, अगदी ईदच्या दिवशीसुद्धा. शिरखुर्मा मात्र त्यांनी पट्टी झाल्यावर घेतला, आधी नाही.

मतदान उर्दू शाळेत होतं. वर्गाच्या मागच्या बाकावर उमेदवारांचे प्रतिनिधी बसले, हारुनभाई आणि सुपडूभाऊ मांडीला मांडी लावून. पुढे टेबलावरचा अधिकारी स्लिप पाहून क्रमांक आणि नाव मोठ्याने पुकारतो, मागे बसलेले आपापल्या यादीत खूण करतात. माणूस खोटा वाटला तर प्रतिनिधीने तिथल्या तिथे हरकत घ्यायची, मग चौकशी होते. हारुनभाईंनी तीस वर्षांत अशा पंधरा-वीस हरकती घेतल्या होत्या. एक तर स्वतःच्या चुलतभावावर. तो भाऊ अजून बोलत नाही.

पावणेपाचला बायकांची रांग वाढली. शेवटचा अर्धा-पाऊण तास म्हणजे राहिलेल्यांना ओढून आणण्याचा. काळ्या बुरख्यातली एक बाई पुढे आली, स्लिप आणि कसलंसं कार्ड तिने टेबलावर ठेवलं. टेबलापाशी घाई होती.

"चारशे सतरा. सितारा हारुन पिंजारी."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सिताराला तिच्या पुऱ्या नावाने कोणी कधी हाक मारत नव्हतं. घरात ती हुमाची अम्मी. मोहल्ल्यात पिंजारीण भाभी. धुळ्याच्या दवाखान्यात खाट नंबर नऊ. तिचं पूर्ण नाव मोठ्याने पुकारलं जाई ते फक्त निवडणुकीला, याच शाळेत, आणि मागच्या बाकावर नवरा पेन घेऊन बसलेला असे. ती त्याच्याकडे बघायची नाही, जसं काही ओळखतच नाही. अधिकाऱ्याने नाव घेतलं की म्हणायची, "हाव." त्या एका शब्दात ती एवढी ऐट भरायची की घरी गेल्यावर हारुनभाई तिला चिडवत, सरकार तुला विचारतंय की तू सरकारला? दर निवडणुकीला हा खेळ. तिला फार आवडायचा.

"हाव," बुरख्यातली बाई म्हणाली.

हारुनभाईंच्या हातात पेन होतं. तोंड उघडायला हवं होतं, उघडलं नाही. शेजारी सुपडूभाऊंनी यादीचं एक पान उलटलं, जे उलटायची गरज नव्हती, आणि परत जागेवर आणलं. बाईच्या बोटाला शाई लागली. ती पडद्यामागे गेली, यंत्र लांबलचक वाजलं, ती दारातून बाहेर पडली. हारुनभाईंनी चारशे सतरापुढे निळी खूण केली. मग त्यांच्या लक्षात आलं की पुढची दोन नावं पुकारून झाली आहेत आणि ती सुपडूभाऊंनी त्यांच्या यादीत टिपून ठेवली आहेत.

मोजणी लांबली. तीन आठवडे यंत्रं गोदामात कुलपाआड पडून होती आणि गाव पारावर रोज नवा निकाल लावत होतं. हारुनभाई रजया शिवत होते. थंडीचे दिवस, गिऱ्हाईक भरपूर. मनात मात्र त्यांची एकच बेरीज चालू होती: सगळ्या बूथवाल्यांचे अंदाज एकत्र केले तर सुनंदाबाई शंभर-सव्वाशेने येतात. शंभरात एक म्हणजे काही नाही. सव्वाशेर कापसात एक सरकी राहिली तर गादीला कळत नाही, ते स्वतःला सांगत. सांगताना सुई बोटात जाई.

मोजणी झाली. सुनंदाबाई सहा हजार आठशे बेचाळीस. ज्योत्स्नाताई सहा हजार आठशे त्रेचाळीस.

फेरमोजणी मागितली, तीही तीच आली. जिनिंगच्या आवारात गुलाल उडाला. सुनंदाबाईंनी सगळ्यांचे आभार मानले, चपला शोधल्या आणि घरी गेल्या. कार्यकर्ते मात्र उठेनात. बूथवार आकडे आले तेव्हा कोणीतरी हारुनभाईंना त्यांचा कागद काढायला लावला. आपल्याला तीनशे अठ्ठ्याऐंशी लिहिली होती, बरोबर तेवढीच पडली. समोरच्याला तीनशे एक्कावन्न लिहिली होती, पडली तीनशे बावन्न.

"हारुनभाई," मेघा म्हणाली. ती सुनंदाबाईंची भाची, प्रचाराचं सगळं लिखापढीचं काम तिच्याकडे होतं. "एकच चुकलात. बघा ना, तेवढंच कमी पडलं आपल्याला."

चेष्टाच होती ती, रडवेली. सगळे थोडे हसले. हारुनभाईंनी कागदाची घडी केली.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. जळगावच्या वकिलाने सांगितलं होतं की एका मताचा फरक आहे, तेव्हा एक बोगस मत सिद्ध करा. ते गेलं की बरोबरी, बरोबरीला चिठ्ठी. निदान चिठ्ठीपर्यंत तरी पोचू. पण अर्ज दहा दिवसांच्या आत पडला पाहिजे. पोरं घरोघर फिरली. मेलेल्यांच्या नावावर मत पडलंय का, हे विचारत हारुनभाईंकडेही आली. कारण मेलेल्यांचा हिशोब त्यांच्याइतका कोणाकडे असणार? त्यांनी अठ्ठावन्न नावांची यादी दिली. त्यातल्या एकाही नावावर मत पडलं नव्हतं. करार दोन्हीकडून पाळला गेला होता.

निकालाच्या सहाव्या दिवशी सुपडूभाऊ दुकानात आले. निकालानंतर जिंकलेला यादीवाला हरलेल्याकडे पेढे घेऊन जातो अशी पद्धत होती. ते रिकाम्या हाताने आले आणि कापसाच्या ढिगाशेजारी बसले. मग एकेक करत सांगितलं. मालकांनी यंदा जळगावहून जितेंद्र नावाचा माणूस आणला होता, मोबाईलवाला. त्याने आदल्या रात्री सुपडूभाऊंच्या यादीचे फोटो काढले. तांबडी रेघ असलेली नावं त्याच्या यंत्राने बाद केली, बाकीची सगळी जिवंत. चार वाजता बूथवरून निरोप मागवून ज्यांच्या पुढे खूण नाही अशांची नावं त्याने वेगळी काढली आणि बाया पाठवल्या. तो परका. त्याला काय माहीत कोण आहे आणि कोण नाही. बाई पारोळ्याकडची होती म्हणतात.

"रेघ मारायला मना बी हात चालना नही, भाऊ," सुपडूभाऊ म्हणाले. "जितेंद्रला एक शब्द सांगितला असता तर झालं असतं. पण सांगायचं म्हणजे तोंडाने बोलायचं, की भाभी गेली. मी म्हटलं, राहू दे. एक नाव शे. कोणाला काय खुपतं."

हारुनभाई टाका घालत राहिले.

जाताना सुपडूभाऊंनी एवढं सांगितलं की ते जिनिंगवाल्यांचं मीठ खातात, आपण होऊन साक्षीला यायचे नाहीत. पण कोर्टाने बोलावून विचारलं तर खोटंही बोलणार नाहीत. मग दुकानाच्या पायऱ्या उतरले. पाठमोरे असताना हारुनभाईंना पहिल्यांदाच दिसलं की सुपडूभाऊ पाय ओढत चालतात.

दुसऱ्या दिवशी हारुनभाईंनी दुकान बंद ठेवून धुळ्याची एसटी धरली. सितारा धुळ्यात वारली, म्हणून तिच्या मृत्यूची नोंदही तिथेच. दाखला त्यांनी कधी आणला नव्हता. लेक हुमा दोंडाईच्याहून दर महिन्याला फोनवर म्हणायची, अब्बा, तो कागद आणून ठेवा, बँकेला लागतो, रेशनला लागतो. ते म्हणायचे, फार खेटे घालावे लागतात बेटा, बघतो. चार वर्षं त्यांनी स्वतःलाही हेच सांगितलं होतं. खिडकीवर गर्दी नव्हती. कारकुनाने तारीख विचारली, नाव विचारलं, संगणकात पाहिलं आणि कागद छापून दिला. पाऊण तासही लागला नाही. इतकं सोपं होतं याचाच त्यांना धक्का बसला. स्टँडवर ते दोन गाड्या सोडून तिसऱ्या गाडीत बसले.

सुनंदाबाईंच्या घरी पोचले तेव्हा त्या ओट्यावर बसून औषधं निवडत होत्या. गावातून जमा केलेल्या गोळ्यांची पाकिटं, ज्यांची मुदत संपली ती एका खोक्यात, बाकीची दुसऱ्यात. दवाखाना उघडला तर लागतील म्हणून जमवलेली. निकाल लागून सात दिवस झाले होते, तरी निवडत होत्या.

"या, हारुनभाऊ."

त्यांनी कागद पुढे केला. सुनंदाबाईंनी चष्मा लावून वाचला. तारखेवर त्यांचं बोट थांबलं.

"तारीख बरोबर आहे," म्हणाल्या. "आदल्या दिवशी मी आले होते धुळ्याला. आत्ता कशाला काढलात?"

हारुनभाईंनी सांगितलं. जुळणीच्या बाकापासून सुरुवात केली आणि निळ्या खुणेपर्यंत आले. मधे कुठे थांबले नाहीत, स्वतःची बाजूही लावली नाही. हिशोबनीस माणूस चूक सांगतो तशी सांगितली: अमुक नोंद राहिली, त्यामुळे तमुक फरक पडला.

सुनंदाबाईंच्या हातात एक पाकीट होतं. त्यांनी ते कुठल्याच खोक्यात टाकलं नाही.

"तुम्ही ओळखलंत? लगेच?"

"नाव पुकारलं तेव्हाच."

"आवाज तिच्यासारखा होता?"

"नाही. तरुण होता. घाईत होती."

"मग?"

"नाव तिचं होतं, अक्का. आणि कोणीतरी हो म्हणालं."

बाहेर रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला आणि ओट्याची फरशी हलली. हारुनभाई वाट बघत होते की त्या म्हणतील, जाऊ द्या. सगळं गाव त्यांना मनाने मोठी बाई म्हणतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"मी तिचा पाय नऊ महिने धुतला," सुनंदाबाई म्हणाल्या. "मला ती आठवत नाही असं वाटतं तुम्हाला? पण मी रोज सकाळी त्या दवाखान्यावरून जाते, हारुनभाऊ. दारात अजून बाया बसलेल्या असतात. कुलूप दिसतं तरी बसतात. त्यांना मी काय सांगू? की तुमचा दवाखाना एका माणसाला गप्प बसावंसं वाटलं म्हणून गेला?"

हारुनभाईंनी दाखला परत घ्यायला हात पुढे केला.

"उद्या जळगावला यायचं. सकाळची गाडी आहे. हा कागद माझ्याकडे राहू द्या."

उठताना हारुनभाईंच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत या घरातून पहिल्यांदाच ते चहा न घेता चालले आहेत.

जळगावच्या कोर्टासमोर झाडाखाली टायपिस्ट ओळीने बसतात. काही जणांकडे आता लॅपटॉप आहेत, पण बसायची जागा तीच. वकील तरुण होते, हुशार होते, आणि दहा दिवसांतले दोनच उरले असल्याने उभ्या उभ्याच मजकूर सांगत होते. सुनंदाबाई बाकावर बसल्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून. मजकूर ठीक चालला होता. मी खाली सही करणार हारुन रुस्तम पिंजारी, वय एकसष्ट. माझी पत्नी सितारा अमुक तारखेस मयत झाली. सोबत दाखला जोडला आहे. मतदानाच्या दिवशी मी उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून हजर होतो. तिच्या नावे अज्ञात स्त्रीने मतदान केले.

"आता मुख्य," वकील म्हणाले. "तुम्ही हरकत का घेतली नाही? समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार. लिहा हो: सदर नाव पुकारले गेले त्या वेळी माझे लक्ष नव्हते, त्यामुळे मला ते ऐकू आले नाही."

टायपिस्टाची बोटं चालली.

"वकीलसाहेब," हारुनभाई म्हणाले, "लक्ष होतं."

वकिलांनी घड्याळ पाहिलं. मग समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं, पण चांगुलपणाने. ऐकू आलं होतं आणि तरी हरकत घेतली नाही, असं लिहिलं तर समोरचे म्हणतील तुमच्याच माणसाने ते मत मान्य केलं. मग पहिल्याच तारखेला अर्ज बाजूला पडेल. ऐकू आलं नाही असं म्हटलं तर ती चूक. चूक माणसाकडून होते. कोर्ट चुकीला जागा देतं.

"तीस वर्षं बसतो मी त्या बाकावर. एक नाव सुटलं नाही माझ्याकडून."

"मला मान्य आहे, चाचा. पण ते तुम्ही घरी म्हणा. इथे नको."

हारुनभाईंनी सुनंदाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली नाही. सही करा असं म्हटलं नाही, नको असंही म्हटलं नाही. त्या रस्त्याच्या पलीकडे बघत होत्या, जिथे एक रिक्षावाला गिऱ्हाईकाशी हुज्जत घालत होता.

मतदानाच्या त्या दुपारी हारुनभाईंच्या हाती काय लागलं होतं? सगळ्या गावाचं नुकसान करून, उपकार करणाऱ्या बाईचं तोंड फिरवून, त्यांच्या पदरात एवढंच पडलं होतं की त्यांनी ते ऐकलं. नाव पुकारलं गेलं, कोणी हो म्हणालं, आणि ते तिथे होते. बाकी सगळं त्यांनी अक्कांना द्यायचं ठरवलं होतं: बूथ, यादी, गावातली पत, पुढच्या निवडणुकीचा चहा. हे एक द्यावं लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"एकदा वाचून दाखवा," ते टायपिस्टाला म्हणाले.

टायपिस्टाने वाचलं. सदर नाव पुकारले गेले त्या वेळी माझे लक्ष नव्हते, त्यामुळे मला ते ऐकू आले नाही.

"बरोबर?" वकिलांनी विचारलं.

हारुनभाईंनी होकार दिला आणि पेन घेतलं. कोर्टाला एक, समोरच्यांना एक, निवडणूक अधिकाऱ्याला एक आणि वकिलांच्या फायलीला एक, अशा चार प्रती होत्या. पहिली सही ओळ सोडून इतकी खाली उतरली की टायपिस्टाने कागद धरून ठेवला. दुसरी जरा बरी आली. तिसरीत पिंजारी नीट वाचता येत होतं. चौथ्या सहीपर्यंत हात सरावला.